बांधावरची कोप

मी एसटीत कंडक्टर आहे, औसा डेपोला. माणूस मुळात भांडखोर की शांत, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, बाबा, बाजाराच्या दिवशी औशाच्या स्टँडवर ये आणि गाडी फलाटाला लागताना नुसती बघ. गाडी थांबायच्या आत खिडक्यांतून रुमाल पडतात, टोप्या पडतात, पिशव्या पडतात. एकानं तर एकदा चप्पल टाकून जागा धरली होती. मग आत चढून सुरू होतं, हा रुमाल माझा, ती टोपी आधीची. बोचकं घेतलेली म्हातारी काय आणि कॉलेजचं पोरगं काय, कुणी कुणाला हार जात नाही. हातभर फाटक्या सीटसाठी एवढं, तेही पाऊण तासापुरतं. माणूस भांडायलाच जन्माला येतो हे माझं मत अशानं पक्कं झालं आणि ते मी गाडीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत आलो.

गौरम्माकाकूंनी ह्या मताला कधी विरोध केला नाही. उलट मान हलवून "खरं हाय" म्हणायच्या. म्हणूनच त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण शांत स्वभावाच्या बाईनं शांती राखली तर त्यात सांगण्यासारखं काय आहे.

काकू आमच्याच गावच्या. त्यांचं रान आमच्या रानाला लागून. माहेर बसवकल्याणकडचं, त्यामुळं बोलणं आमच्यासारखंच, पण राग आला की कानडी. उंच, वाळलेली बाई, हात लांबसडक. तरुणपणी ज्वारी राखायला माळ्यावर उभ्या राहायच्या तेव्हा त्यांच्या गोफणीची चर्चा पार शेजारच्या गावात होती. कणसावर बसलेलं पाखरू उडवायच्या आणि कणसाला धक्का लागायचा नाही. आम्ही पोरं बोरांसाठी त्यांच्या रानाकडं जायचो तेव्हा आधी काकू घरी आहेत का, ते बघून जायचो.

त्यांच्या घरात जे घडलं ते येळवसलाच घडलं. येळवस म्हणजे आमच्या लातूरकडची वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं आणि शहरात संचारबंदी लागल्यासारखं होतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून रानात छोटी खोप बांधायची, तिला आम्ही कोप म्हणतो. आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. रानाच्या मालकानं पूजा करायची, मग आंबिलीचं भांडं घेऊन पिकाच्या कडेनं चक्कर मारायची आणि पानानं आंबील शिंपडत जायचं. आंबील पडली तिथवर रान आपलं, असं सातबाऱ्यावर कुठं लिहिलेलं नसतं, पण आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. आणि त्याहून मोठा नियम म्हणजे त्या दिवशी आपल्या रानात जो कुणी येईल त्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. वाटसरू असो, अनोळखी असो, त्याला पत्रावळीवर बसवायचंच.

काकूंचे मालक रामलिंगअप्पा आणि त्यांचे धाकटे चुलतभाऊ श्रीमंतअप्पा यांच्या रानांच्या मधे एकच बांध. बांधावर जुनी बाभळ होती, तीच दोघांची खूण. वीसेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ती वादळानं पडली आणि कुणीतरी सरपणाला नेली. पुढं येळवस आली. रामलिंगअप्पा जन्मभर बाभळ आली की वळायचे. त्या दिवशी बाभळच नाही, तर माणूस वळणार कशाला. ओलगे ओलगे असा येळवसचा पुकारा करत, आंबील शिंपडत ते सरळ बांध ओलांडून श्रीमंतअप्पांच्या हरभऱ्यात शिरले. दुसऱ्या कुठल्या मुलखात लोक म्हणाले असते, अहो, इकडं कुठं निघालात. आमच्याकडं श्रीमंतअप्पा काठी घेऊन आले.

पहिली काठी रामलिंगअप्पांच्या उजव्या खांद्यावर बसली. हाडाचा चुरा झाला, तो हात पुन्हा वर उचलला गेला नाही. काकू कोपीपाशी होत्या. त्यांनी हाताला लागला तो दगड उचलला आणि फेकला. श्रीमंतअप्पांचा डावा डोळा गेला.

मारामारीच्या केसमध्ये दोन्हीकडचे साक्षीदार फिरले आणि सगळे सुटले. बांधाचा दावा मात्र कोर्टात राहिला. गंमत अशी की आमच्या गावाहून तारखेला औशाला वेळेवर पोचवणारी गाडी एकच, माझी. त्यामुळं वादी पुढच्या दारापाशी, प्रतिवादी मागच्या सीटवर, असे दोघं एकाच गाडीत बसून एकमेकांविरुद्ध लढायला जायचे आणि त्याच गाडीनं परत यायचे. एकदा पुलाच्या अलीकडं गाडी बंद पडली. मी सगळ्यांना उतरवून धक्का मारायला लावलं. बघतो तर श्रीमंतअप्पा आणि डावा हात लावलेले रामलिंगअप्पा शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून ढकलतायत. गाडी सुरू झाली, दोघं चढले आणि गपचूप आपापल्या टोकाला जाऊन बसले. हे माझ्या मतात बसेना, म्हणून मी तेव्हा सोडून दिलं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मोजणी आली आणि सगळं पुन्हा पेटलं. खुणेचा दगड बांधाच्या पलीकडं, श्रीमंतअप्पांच्या रानात दोन हात आत पडला. श्रीमंतअप्पांनी मोजणी मान्य नाही म्हणून लगेच अर्ज केला. इकडं काकूंचा मुलगा व्यंकट, ट्रॅक्टरवाला, तापट, बापाचा लुळा हात बघत मोठा झालेला. तो गावातल्या हॉटेलात चहा पीत सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्या येळवसला आमची आंबील दगडापर्यंत जाणार." समोरच्या हॉटेलात श्रीमंतअप्पांचा मुलगा भारत बसला होता. तो म्हणाला, "येऊ दे की." एवढंच बोलणं झालं, पण गावानं ओळखायचं ते ओळखलं.

येळवसच्या आदल्या बाजाराला काकू औशाहून परत येताना माझ्या गाडीत होत्या. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तिकीट घेताना त्या मला "अर्धीच बाई हाय मी" म्हणून चिडवतात. त्या दिवशी चिडवलं नाही. पायाशी दोन मोठ्या पिशव्या, वाटाण्याच्या शेंगा, चुका, मेथी, कांद्याची पात, सगळं भज्जीचं सामान. येळवसची भज्जी म्हणजे रानातल्या सगळ्या शेंगा नि पालेभाज्या बेसनात शिजवलेल्या, पण हे सामान दोन घरांना पुरून उरेल एवढं होतं.

"काकू, एवढी भज्जी कुणाला?"

"माणसं लई हाईत."

मी शेजारी टेकलो आणि आवाज खाली केला. "व्यंकटला सांगून बघा काहीतरी."

"सांगितलं. ऐकलं न्हाई."

"ऐकणार बी न्हाई. माणसाच्या रक्तातच हाय ते, काकू. तुमचा आमचा इलाज न्हाई त्यावर."

"हाव, रक्तातच हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या बी हाय. श्रीमंतभावजी दिसले की अजून माझा हात दगड हुडकायलाय." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पर भूक बी रक्तात हाय की रे. म्हणून कुणी पोत्यात तोंड घालून कच्ची ज्वारी खातंय का? दळावं लागतंय, थापावं लागतंय, भाजावं लागतंय. रोज करतोच की आपण. मग ह्याला का इलाज न्हाई म्हणायलास?"

मी विचारलं, "मग आता काय सांगणार त्याला?"

"सांगून झालं. आता करणार."

मी येळवसची रजा टाकली. एक भज्जीसाठी आणि दुसरं मारामारी बघायला, खोटं कशाला बोलू. आम्ही बैलगाडीतून रानात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं, गव्हावर दव होतं. आमचं रान थोडं चढावर आहे, तिथून बांध सगळा दिसतो. मी पाहिलं आणि हातातलं घोंगडं खाली ठेवलं. काकूंनी कोप बांधावर बांधली होती.

दरसाल त्यांची कोप विहिरीजवळ असते. ह्या वेळी त्या दिवस उगवायच्या आत एकट्या येऊन, पेंढ्या वाहून, बाभळ होती बरोबर त्या जागी कोप उभी करून बसल्या होत्या. अर्धी ह्या रानात, अर्धी त्या रानात, आणि तोंड मोजणीच्या दगडाकडं. मी धावत गेलो. काकू तीन दगडांच्या चुलीवर भज्जीचं पातेलं चढवून बसल्या होत्या. कोपीत वाकून पाहिलं तर पांडव चारच. म्हटलं, वय झालं, एक मांडायचा राहिला.

"काकू, हे काय करून ठेवलंत? आता तर पेटणारच."

"चुन्याची डबी हाय का तुझ्याकडं? असू दे जवळ," त्या म्हणाल्या. तंबाखूमुळं माझ्याकडं ती असतेच, पण आत्ता तिचं काय काम ते मला कळलं नाही.

तेवढ्यात व्यंकट बापाला बैलगाडीतून घेऊन आला. बांधावर कोप बघून तो हरखला. त्याला वाटलं, आईनं ताबाच घेतला. त्यानं गाडीतली काठी काढली आणि कोपीच्या बाजूला येऊन उभा राहिला. रामलिंगअप्पा लुळा हात मांडीवर घेऊन गाडीतच बसून राहिले. त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता.

मग पलीकडून श्रीमंतअप्पांचं घर आलं. पुढं श्रीमंतअप्पा, मागं डोक्यावर आंबिलीचं भांडं घेतलेली त्यांची बायको लक्ष्मीबाई, आणि टोपली घेतलेला भारत. भारतनं कोप पाहिली, टोपली खाली ठेवली आणि त्याच टोपलीतून काठी काढली. म्हणजे तोही तयारीनंच आला होता. आजूबाजूच्या रानातली माणसं उठून उभी राहिली, पण पुढं कुणी आलं नाही. मीही काकूंच्या मागं दोन पावलं सरकलो.

श्रीमंतअप्पा बांधापाशी येऊन थांबले. वीस वर्षांत ते काकूंशी एक शब्द बोलले नव्हते. आत्ताही त्यांनी नाव घेतलं नाही, नातं घेतलं नाही.

"कोप कुणाच्या रानात घातली ही?"

काकू बसल्या जागेवरून उठल्या नाहीत. पातेल्यावर झाकण ठेवलं, पदरानं हात पुसले.

"तुमच्या," त्या म्हणाल्या.

व्यंकट ओरडला, "आई!"

"तुमच्या रानात हाय, भावजी," काकू पुन्हा म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "येळवसला मी तुमच्या रानात आलेली बाई हाय. मालक तुम्ही. पूजा तुम्ही करायची आणि मला जेवायला वाढायचं. न्हाईतर उपाशी लावून द्या, सगळं शिवार बघायलंय."

श्रीमंतअप्पा अडकले. रान आपलं म्हणायचं तर ह्या बाईला पंगतीला बसवायला हवं, आणि बसवायचं नाही तर रान आपलं कसं म्हणायचं. वीस वर्षांत समोरच्या वकिलानंही त्यांना असं कोंडीत पकडलं नव्हतं.

व्यंकट आईसमोर आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. "एवढी वर्षं कोर्टात घातली आणि जमीन देऊन टाकलीस?"

"जमीन कोर्टात हाय, ती तिथं राहू दे. कागद लढू देत. मी रान दिलं न्हाई, मी जेवायला मागायलेय." मग त्यांनी त्याच्या काठीकडं बघितलं. "तू बी पाहुणा हायस. बस खाली. काठी सोडवत नसंल तर मांडीवर घे, पर बस."

तो बसला नाही. भारतही जागचा हलला नाही. दोघांत आठ-दहा हातांचं अंतर असेल, आणि मला माझंच मत आठवत होतं, त्या क्षणी ते खरं ठरू नये असं फार वाटत होतं.

श्रीमंतअप्पा हळूच म्हणाले, "आणि ह्या डोळ्याचं काय?"

"तो मी घेतला," काकू म्हणाल्या. "ह्यांचा हात तुम्ही घेतलात. दोघांचं जे जायचं ते गेलं. आता ह्या दोन पोरांचं काय काय घालवायचं, तेवढं सांगा, म्हणजे मी उठते."

लक्ष्मीबाईंनी डोक्यावरचं भांडं उतरवलं आणि कोपीसमोर ठेवलं. श्रीमंतअप्पांनी बायकोकडं पाहिलं, लेकाच्या हातातल्या काठीकडं पाहिलं. मग पायातल्या वहाणा काढल्या आणि पूजेला कोपीसमोर वाकले. वाकलेले तसेच थांबले.

"चारच हाईत," ते म्हणाले.

तेव्हा काकूंनी लुगड्याच्या ओच्यात हात घातला आणि एक दगड बाहेर काढला. मुठीएवढा, गोल, हातात नीट बसेल असा. पांडवांसाठी असा दगड कुणी निवडत नाही, ते चपटे आणि उभे राहणारे लागतात. हा फेकायचा दगड होता. त्या सकाळपासून तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि दोन्ही काठ्या अजून वरच होत्या. त्यांनी तो क्षणभर मुठीत धरला, बोटं घट्ट झालेली मला दिसली. मग म्हणाल्या, "डबी दे."

मी चुन्याची डबी पुढं केली. त्यांनी बोटानं दगडाला चुना फासला आणि चौघांच्या शेजारी मांडला. तो कलंडला. पुन्हा मांडला, खाली मातीचं ढेकूळ लावलं, मग राहिला.

श्रीमंतअप्पांना तो दगड कशासाठी होता हे कुणी सांगायला नको होतं. गावात तो हात त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. ते एका डोळ्यानं बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग हळदीकुंकवाचं ताट ओढलं आणि पहिल्या चौघांना सोडून आधी त्या पाचव्याला कुंकू लावलं.

पूजा झाली. त्यांनी द्रोणात आंबील भरली, तो दोन्ही हातांनी धरला आणि काकूंसमोर आले.

"वैनी," ते म्हणाले, "घ्या."

काकूंनी द्रोण घेतला आणि एका दमात पिऊन टाकला. मग गाडीकडं वळून रामलिंगअप्पांना हाक मारली, "या की आता, पाहुणे हाव आपण." ते उतरले, येऊन पत्रावळीसमोर बसले आणि डाव्या हातानं द्रोण घेतला.

लक्ष्मीबाई भारतला म्हणाल्या, "वाढायला घे." काठी धरून वाढता येत नाही, दोन हात लागतात, म्हणून त्यानं ती कोपीला टेकवून ठेवली. व्यंकट सगळ्यांत शेवटी बसला, पत्रावळीकडं न बघता, काठी मांडीवर आडवी घेऊन. भारतनं त्याला बाजरीचे उंडे वाढले तेव्हा दोघांनीही माना दुसरीकडं वळवल्या होत्या. काकूंची भज्जी खरोखरच दोन घरांना पुरली, आम्हालाही पुरली. दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा व्यंकटच्या मांडीवर काठी नव्हती. ती कुठं गेली मी पाहिलं नाही, मी जेवत होतो.

त्या वर्षी बांधावर आंबील कुणीच शिंपडली नाही. दोन्ही घरांची भांडी पिऊनच रिकामी झाली होती.

आता ह्यावरून कुणी असं समजू नये की सगळं गोड झालं. दावा चालू आहे. व्यंकट आणि भारत अजून बोलत नाहीत. व्यंकट तर आईशीही पुढं कितीतरी दिवस धड बोलला नाही. तारखेला सगळे माझ्याच गाडीत असतात आणि दोन टोकांना बसतात. फक्त काठी पुन्हा कुणी काढली नाही, आणि ह्या वर्षीची येळवस जवळ आली तशी श्रीमंतअप्पांनी लक्ष्मीबाईंकडून काकूंना विचारलं की कोप तिथंच घालायची ना.

परवा काकू बाजाराहून येताना गाडीत होत्या. मी शेजारी बसलो. म्हटलं, "काकू, एक विचारू? तेव्हा भावजींनी ऐकलं नसतं, पोरांनी काठ्या चालवल्या असत्या, तर?"

"मारला असता की दगड," त्या म्हणाल्या. "नेम अजून चुकत न्हाई माझा."

मला वाटलं, थट्टा करतायत. करत नव्हत्या.

"मग माझंच खरं म्हणायचं. माणूस हा असाच."

"हाव, असाच. मी कुठं न्हाई म्हटलं?" पायाशी पिशव्या होत्या, सामान ह्याही वर्षी दोन घरांचं. "पर तो दगड माझ्या हातात होता आणि मीच खाली ठेवला. ते बी माणसानंच केलं न्हवं?"

"ह्या साली तरी पाच मांडा. कशाला जवळ ठेवता आता?"

"बेडा," त्या म्हणाल्या. नको म्हणायचं, आणि तेही ठाम म्हणायचं असलं की त्यांचं कानडी येतं. "चारच मांडणार. पाचवा ओच्यात घेऊनच जाणार. तो दर साली माझ्या हातानं खाली ठेवायचा हाय मला."

गावचा थांबा आला. त्या पिशव्या घेऊन उतरल्या, मी घंटी मारली.